आधी वजाबाकी, मग फोन

मुकुंदा, काल तुझा तेरावा झाला. घर अजून माणसांनी भरलेलं आहे. तुझी थोरली बहीण, सरोजाक्का, माझ्या शेजारीच पाय पसरून बसलीय आणि मी काय लिहितेय ते चष्म्यातून बघायचा प्रयत्न करतेय. तरी मी तुला 'तू'च म्हणणार. आयुष्यभर तुझ्या माणसांसमोर 'अहो' आणि खोलीचं दार लागलं की 'तू', असं चाललं आपलं. आता दार कुणासाठी लावू?

रडगाणं गायला बसलेली नाही. रडून झालंय, पुन्हा होईलच. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुझ्याच खात्यातली आहे, वेळेच्या बेरजेची. तुझी लेक इथं आल्यापासून एक चुकीची बेरीज उराशी धरून बसली होती. जाता जाता तू तिला फोन केलास आणि तिनं तो उचलला नाही, असं तिला वाटत होतं. जेवत नव्हती, झोपत नव्हती, तुझ्या फोटोकडे बघत नव्हती. उद्या तिचं विमान आहे. हे असलं ओझं घेऊन ती टोरांटोला गेली असती, तर मी इथं एकटी बसून काय केलं असतं, सांग.

पहिल्यापासून सांगते. तुला अर्ध्यातून सांगितलेलं कधीच चाललं नाही.

आपली ओळखच मुळी एका चुकीवरून झाली. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातलं ते दुमजली ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण दहा-बारा जण. कंपन्यांच्या कामगारांना घरून आणायच्या-सोडायच्या गाड्यांच्या वेळा लावणारा प्रोग्रॅम आपण करत होतो. तू लिहायचास, मी तपासायची. तुझ्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. लग्नानंतर तेच काम फुकटात केलं, ते सोड. तर येलहंक्याची एक बाई सकाळी सहाच्या गाडीची वाट बघत दारात उभी राहिली आणि गाडी आली साडेअकराला. बाईनं फोनवर कानडीतून आपल्या सात पिढ्या उद्धरल्या. सगळे ड्रायव्हरवर घसरले. मी म्हटलं, ड्रायव्हरला कशाला बोलता, त्याला कागदावर साडेअकराच दिलेत.

मशीनमध्ये वेळ साऱ्या जगाच्या एका सामायिक घड्याळाप्रमाणं ठेवलेली असायची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दाखवताना त्यात साडेपाच मिळवायचे, एवढंच काम. तू ते मिळवलेस. आणि पडद्यावर दिसायचा भाग करणाऱ्यानं, तू मिळवले असशील हे माहीत नसल्यामुळं, पुन्हा मिळवले. "दोनदा मिळवलेत तुम्ही," मी सगळ्यांसमोर म्हटलं. तू फळ्याकडे बघत राहिलास. मग कानडीतलं तुझं ते 'बरोबर' म्हणालास, "सरी. माझी चूक." आणि वळून मला काय विचारलंस? "तुमचं मराठी बेळगावकडचं का?" चूक पकडली त्याचं कौतुक राहिलं बाजूला! मी विचारलं, आणि तुमचं कुठलं? "आमचं इथलंच. तीन-चारशे वर्षांमागं आलेलं. राहून राहून स्वल्प कानडी झालंय." तिथंच मी फसले.

त्या दिवसापासून तुझा एक नियम झाला. कुठलीही वेळ समोर आली की तिला हात लावायच्या आधी विचारायचं, हे घड्याळ कुठल्या गावचं? नवीन पोरं तुला पाठीमागं 'गाव-सर' म्हणायची, ठाऊक होतं ना तुला? एकानं वॉचमनची रात्रपाळी मोजली, सकाळच्या सहातून रात्रीचे दहा वजा केले आणि वॉचमननं उणे सोळा तास काम केल्याचं मशीननं सांगितलं. तू ओरडला नाहीस. त्या पोराला चहाला घेऊन गेलास आणि समजावलंस, मध्ये एक अख्खी रात्र आहे रे, तिला विसरून कसं चालेल. असा होतास तू. घरी मात्र मी भाजीत मीठ विसरले तर तोंड वाकडं.

मग जानू टोरांटोला गेली. तिथंच लग्न, तिथंच नोकरी, तिथंच आपली नात सई. आणि तुझी वजाबाकी सुरू झाली. उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तिकडची घड्याळं कधी पुढं जातात, कधी मागं येतात, ते तिला आठवायच्या आधी तुला आठवायचं. मी कितीदा म्हटलं, फोनमध्ये टोरांटोचं घड्याळ लावून घे, एका बोटाचं काम आहे. नाही! साऱ्या बेंगळुरूला वेळेचे प्रोग्रॅम करून देणारा माणूस पोरीच्या घरातली वेळ डोक्यात काढणार. एकदा चिडून विचारलं, का रे हा हट्ट? म्हणालास, "घड्याळ लावलं की ते न विचारता सांगून टाकतं. वजाबाकी करताना मी तिच्या घरात जाऊन येतो. आत्ता तिथं उजाडत असेल. आत्ता सईची शाळेची बस आली असेल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून कांदे चिरायला गेले.

पण भांडण होतंच. तू जायच्या आदल्या रविवारीही झालं. तुला जानूशी बोलावंसं वाटायचं, फोन हातात घ्यायचास, वजाबाकी करायचास आणि फोन खाली ठेवायचास. आता ती कामावर असेल. आता जेवत असतील. आता झोपायची वेळ झाली. "अरे, लेकीला फोन करायला मुहूर्त कसला बघतोस?" मी म्हणायची. "घड्याळ वाचून तुला किती वाजले ते कळेल, ती जागी आहे की झोपलीय ते कसं कळणार? लाव फोन. झोपली असेल तर नाही उचलणार." तू म्हणायचास, "फिजिओथेरपीत पेशंटचे हातपाय ओढायचं काम करते ती दिवसभर. तिची झोप मोडायची नाही." तुझी ती वजाबाकी म्हणजे तुझी माया होती, ते काय मला कळत नव्हतं? पण लेकीपर्यंत माया पोचायची तर फोन वाजायला नको का, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या रविवारी तू म्हणालास, "बघू, पुढच्या वेळी तुझ्या पद्धतीनं करू." म्हणजे भांडण नेहमीसारखं उद्यावर गेलं.

आणि ते मागचं प्रकरणही आहेच. दोन वर्षांमागं तुझ्या हृदयात ती नळी बसवली, तेव्हा आपण दोघांनी मिळून जानूपासून लपवलं. "एवढ्या लांब बसून पोर काय करणार? उगीच जिवाला घोर," तू म्हणालास आणि मीही हो ला हो केलं. तिनं फोन केला की मी सांगायची, बाबा अंघोळीला गेलेत. दिवसातून किती अंघोळी केल्यास त्या आठवड्यात! नंतर तिला कळलं, तेव्हा आठवडाभर बोलली नाही आपल्याशी. म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. तुमच्या शब्दावर आता विश्वास नाही ठेवणार." हे इथं सांगायचं कारण पुढं येतंय.

तू गेलास त्या दिवशी सकाळी चांगला होतास. इडली खाल्लीस, चटणी दोनदा मागितलीस. दुपारी छातीत कळ आली. शेजारच्या कमलाक्काच्या मुलानं गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात तू मला फोन, पाकीट, चष्मा, सगळं काढून दिलंस आणि म्हणालास, "सांभाळ, लगेच येतो." संध्याकाळी सहाच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, नुसतंच 'अम्मा' म्हणाले. मला तेव्हाच कळलं.

जानूला मी सांगितलं नाही. फोनवर पोरीला असं कसं सांगायचं? जावयांना फोन केला. ते तिच्या कामाच्या ठिकाणी गेले, तिला गाडीत बसवलं आणि मग सांगितलं. मिळेल त्या विमानानं ती आली. तिची वाट बघायला तू नव्हतास, म्हणून मी दारात उभी राहिले. आली आणि मला धरून उभी राहिली. रडली नाही. मला वाटलं, धक्का आहे, रडेल उद्या-परवा. नाही रडली. सरोजाक्का म्हणायची, "स्वल्प तरी खा गं माझे बाई," तर उठून आत जायची. भटजी म्हणाले, मुलीनं पाणी सोडलं तरी चालतं. तर म्हणाली, "मी नको."

एकदा दुपारी सगळे पडले होते, तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसलेली दिसली. मी समोर बसले. म्हटलं, जानू, काय झालंय ते सांग. तुझ्या बाबांनी काय केलंय म्हणून त्यांच्याकडे पाठ करून बसलीस?

"बाबांनी काही नाही केलं. मी केलंय." ती फोन उलटासुलटा करत होती. "त्यांनी शेवटी मला फोन केला होता, आई. मी उचलला नाही."

"शेवटी म्हणजे कधी?"

"सहाला. तुझ्या सहाला. माझे साडेआठ. मी गाडीत होते, फोन बॅगेत होता. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं आणि मी सिग्नलला थांबून गाणी ऐकत होते."

मी म्हटलं, अगं, सहाला त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. ते आत होते, नळ्या लावलेल्या होत्या, त्यांना कुठून फोन करता येणार?

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत ती सगळी अंघोळीची थापाथापी होती. "आई, माझी समजूत घालू नकोस. तुम्ही दोघांनी मागं घातलीत तेवढी पुरे."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. खरं बोलत होते आणि माझ्या शब्दाला किंमत नव्हती. तुझा फोन दाखवावा म्हटलं, तर तो तुझ्या बोटाशिवाय उघडत नाही. आकडाही तू कुणाला सांगितला नव्हतास. तुझं बोट कुठून आणू? मग माझ्यातली जुनी तपासणारी बाई जागी झाली. म्हटलं, बरं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझा फोन दाखव.

तिनं दाखवला. तुझं नाव, लाल अक्षरात. सकाळचे साडेआठ. तारीख त्याच दिवसाची. पोरीनं काय केलं होतं ते माझ्या लक्षात आलं. ती टोरांटोला गेली तेव्हा तू तिला शिकवलंस, तिकडची वेळ दिसली की साडेनऊ मिळव, म्हणजे आईची वेळ मिळते. तिनं साडेआठ बघितले, साडेनऊ मिळवले आणि संध्याकाळचे सहा आले. तू गेलास ती वेळ. एरवी तिला विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं, की फोन ज्या गावात जातो त्या गावची वेळ आपोआप दाखवायला लागतो, जुन्या कॉलचीसुद्धा. पण दु:खात माणूस शिकलेलं करतो, समजलेलं नाही करत. तुझा नियम पाळायला मात्र ती विसरली होती. हे घड्याळ कुठल्या गावचं, ते तिनं विचारलंच नव्हतं.

नुसतं सांगितलं असतं तर पुन्हा समजूतच वाटली असती. मी यादी खाली सरकवली. आदल्या दिवशी सईच्या शाळेतून तिला फोन आलेला होता. मी बोट ठेवलं. "हा कशाबद्दल होता?"

"सईला बरं वाटत नव्हतं. घेऊन जा म्हणाले."

"किती वाजता आला होता?"

"दुपारी. जेवणानंतर."

"मग इथं वाच की."

तिनं वाचलं. रात्रीचे साडेअकरा. मी म्हटलं, "शाळा रात्री साडेअकराला फोन करते का गं तुमच्याकडे?"

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. तू मनात वजाबाकी करायचास तेव्हा तुझे हलायचे ना, अगदी तसे. मग वरच्या ओळीवर गेली. तुझे साडेआठ. "म्हणजे हे इथलेच साडेआठ आहेत," ती सावकाश म्हणाली. "इथली सकाळ. मी दोनदा मिळवले."

"दोनदा मिळवलेस."

आणि मग ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. सरोजाक्का धावत आली, मी हातानंच तिला थांबवलं. रडू दिलं पोरीला. माझ्या मनात त्या वेळी काय आलं सांगू? तुला हाक मारून सांगावं, अरे ये इकडे, सापडली चूक. मी तोंड उघडलंसुद्धा.

डोळे पुसून जानूनं पुन्हा फोन हातात घेतला. आपलीच मुलगी ती, बरोबर उत्तर आलं तरी थांबणारी नव्हे. "पण आई, इथले साडेआठ म्हणजे तिथं रात्रीचे अकरा. बाबा मला अकराला कधीच फोन करायचे नाहीत."

तिनं विचारलं आणि मला ती सकाळ आठवली. तोवर आठवलीच नव्हती, त्या दिवसाची संध्याकाळच तेवढी डोक्यात होती. इडल्या झाल्या होत्या. तू बाल्कनीत बसला होतास, मी कुकर लावत होते. तुझ्या हातात फोन दिसला, म्हणून आतूनच विचारलं, कुणाला रे एवढ्या सकाळी? तू म्हणालास, "जानूला लावला होता. अकरा वाजलेत तिथं. झोपली असेल. असू दे." आणि फोन पेपरवर ठेवून दिलास. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक करायला वळले. काय बोलायचं होतं ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

हे सगळं मी जानूला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ती म्हणाली, "म्हणजे बाबांनी आधी फोन लावला आणि वजाबाकी नंतर केली?"

हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुला काय झालं होतं रे त्या सकाळी? काही कळलं होतं का तुला? की रविवारच्या भांडणाचं मनावर घेऊन माझ्या पद्धतीनं करून बघत होतास? मी रोज विचारते आणि मला दोन्ही उत्तरं सोसत नाहीत.

जानूनं फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आई, मी झोपले नव्हते."

सईचा शाळेचा ड्रेस शिवत बसली होती म्हणे. काहीतरी कार्यक्रम होता, बाही उसवली होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. "एक रिंग वाजली. मला आठवतंय. मी उठले होते, सुई तशीच धरून. तेवढ्यात बंद झाली, म्हटलं राँग नंबर असेल. परत बसले. सकाळी फोन न बघताच बॅगेत टाकला. अजून एकदा वाजली असती तर मी गेले असते." हे सांगताना ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "बाबा म्हणजे ना," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "भात आहे का?"

सरोजाक्कानं चिंचेचं सारू गरम केलं. तुझ्या लेकीनं दोनदा भात घेतला, वर लोणचं मागितलं. काल तेराव्याला तिनं तुला नमस्कार केला आणि फोटोचा हार स्वतः सरळ केला. रात्री चांगली झोपली. मी दोनदा जाऊन बघून आले.

उद्या ती जाईल. मी तिला सांगून ठेवलंय, मला कधीही फोन कर, तुझ्याकडे किती वाजलेत, माझ्याकडे किती वाजलेत, काही बघू नकोस, आणि मीही बघणार नाही. ती म्हणाली, सरी. अगदी तुझ्यासारखं.

आपलं भांडण मी जिंकले, मुकुंदा. तू असतास तर महिनाभर टोमणे मारले असते. आता कुणाला मारू? तू तिची झोप मोडायची नाही म्हणून फोन ठेवलास, त्या मायेचे उपकार आम्ही दोघी कुठं फेडणार? पण तुझी ती वजाबाकी मी पुन्हा करून बघितली, जुन्या सवयीनं, दोन्हीकडून. बरोबर आहे. तिथं अकराच वाजले होते. फक्त पोर जागी होती रे.